चंदीगडचे विधानभवन : एका छताखाली दोन राज्ये

आज भारतात दोन राज्यांच्या विधानसभा एकाच इमारतीत भरतात, असे ठिकाण एकच आहे. चंदीगडच्या सेक्टर १ मधील या विधानभवनात पंजाब आणि हरियाणाचे आमदार वेगवेगळ्या सभागृहांत बसतात. ही इमारत स्विस-फ्रेंच वास्तुकार ल कॉर्बुझिए यांनी रचली. २०१६ मध्ये ती ज्या परिसरात आहे, त्या कॅपिटॉल कॉम्प्लेक्सचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

ही राजधानी का उभारावी लागली?

१९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारताकडील पंजाबला राजधानी उरली नाही. त्यामुळे शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी नवे शहर वसवायचे ठरले. पहिला आराखडा अमेरिकी नियोजनकार अल्बर्ट मेयर यांचा होता. त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी १९५० मध्ये विमान अपघातात दगावले आणि काम ल कॉर्बुझिए यांच्याकडे आले. त्यांनी शहराच्या उत्तर टोकाला सचिवालय, उच्च न्यायालय, विधानभवन आणि राज्यपाल निवास योजले. त्यांपैकी राज्यपाल निवास कधीच बांधले गेले नाही.

इमारतीत काय पाहावे?

आधी दर्शनी भाग पाहा. उघड्या काँक्रीटच्या उंच, पातळ भिंतींवर पन्हळीसारखे वर वळलेले भले मोठे छप्पर आहे. ते उन्हाळ्यात सावली देते, पावसाळ्यात पाणी वाहून नेते. समोरच्या तलावात सगळ्याचे प्रतिबिंब पडते.

मग छतावर नजर टाका. तिथे एक मनोरा आणि एक पिरॅमिड दिसतो. मनोऱ्याचा आकार वीजकेंद्रात पाणी थंड करण्यासाठी बांधतात त्या मनोऱ्यांवरून घेतला आहे. ल कॉर्बुझिए यांनी असे मनोरे अहमदाबादला पाहिले होते. या मनोऱ्याखालच्या गोल सभागृहात पंजाब विधानसभा भरते. पिरॅमिडखालचे लहान सभागृह मुळात पंजाबच्या विधान परिषदेसाठी होते. आता ते हरियाणा विधानसभेचे आहे.

आतल्या प्रशस्त दालनात उंच खांबांची गर्दी आहे आणि प्रकाश मंद आहे. गोल सभागृहाच्या वक्र भिंतींमुळे आवाज घुमू नये म्हणून त्यांवर ढगांच्या आकाराचे रंगीत फलक बसवले आहेत. फ्रान्सने भेट दिलेल्या भव्य दरवाजावरची मिनाकारी खुद्द ल कॉर्बुझिए यांच्या चित्रांची आहे.

दोन राज्ये इथे कशी आली?

१ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबचे विभाजन होऊन हरियाणा राज्य झाले. चंदीगड केंद्रशासित प्रदेश बनले आणि दोन्ही राज्यांची राजधानीही. १९८५ च्या राजीव गांधी-लोंगोवाल करारात शहर पंजाबला देण्याचे ठरले होते, पण ते झाले नाही. हा वाद आजही मिटलेला नाही. गंमत अशी की ज्या शहरात दोन विधानसभा आहेत, तिथल्या रहिवाशांना मात्र आमदार निवडता येत नाही. ते महापालिकेचे नगरसेवक आणि एक खासदार निवडतात.

मोकळे पटांगण रिकामे का?

विधानभवन आणि उच्च न्यायालय यांच्यामधले विस्तीर्ण पटांगण लोकांनी मुक्तपणे वावरावे यासाठी आखले होते. पंजाबमधील दहशतवादाच्या काळात पहारा वाढला. ३१ ऑगस्ट १९९५ रोजी पंजाबचे मुख्यमंत्री बेअंत सिंग यांची सचिवालयाबाहेर बॉम्बस्फोटात हत्या झाली. आजही इथे कडक बंदोबस्त असतो. याच परिसरात २६ मीटर उंचीचे 'ओपन हँड' स्मारक वाऱ्याबरोबर फिरत असते. द्यायला आणि घ्यायलाही उघडा असलेला हात, असा त्याचा अर्थ. लोकांसाठी खुली राजधानी ही मूळ कल्पना आणि आजचा पहारा, दोन्ही इथे शेजारी शेजारी दिसतात.

भेट कशी द्यावी?

परिसर मार्गदर्शकाबरोबर गटाने पाहावा लागतो. सरकारी ओळखपत्र जवळ ठेवा आणि फेऱ्यांच्या वेळा चंदीगड पर्यटन विभागाकडून आधी विचारून घ्या. विधानभवनात आत जाता येईल की नाही, हे अधिवेशन आणि सुरक्षा यांवर ठरते. छायाचित्रे काढण्यापूर्वी परवानगी घ्या. परिसर मोठा आणि बराचसा उघडा आहे, त्यामुळे हिवाळा उत्तम. उन्हाळ्यात जायचेच असेल तर सकाळची फेरी घ्या.