जीपचे साठ घोडे आणि आपला रस्ता

‘गाडी रिमॅप करून घेऊ का?’ हा प्रश्न तुमच्याकडून सारखा येतोय. उत्तराआधी थोडा इतिहास सांगतो. केज तालुक्यातल्या आपल्या नांदूरघाटच्या रस्त्याला इंजिनकडून काय हवं असतं, ते जीपच्या गोष्टीतून नीट कळतं.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपचं पेट्रोल इंजिन २.२ लिटरचं, ताकद ६० हॉर्सपॉवर. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी हीच जीप मुंबईत जोडायला घेतली. पुढे डिझेलचा जमाना आला. १९८० च्या दशकातल्या एमएम ५४० मध्ये प्यूजोचं २.१ लिटरचं डिझेल इंजिन होतं. त्याची ताकद किती? ६२! चाळीस वर्षांत घोडे वाढले फक्त दोन. लोकांनी तरी जीप घेतलीच, कारण डिझेल स्वस्त पडायचं आणि ॲव्हरेज मिळायचं.

आता बोलेरो घ्या. ताकद ७५ हॉर्सपॉवर, म्हणजे विलीसपेक्षा पावपट जास्त. पण टॉर्क, म्हणजे ओढ, १४२ न्यूटन मीटरवरून २१० वर गेली. जवळपास दीडपट! तीही १६०० ते २२०० आरपीएमलाच मिळते. भरलेली गाडी चढावर घेताना, उसाच्या ट्रॉलीमागे रांगताना इंजिन तिथंच तर फिरत असतं. ही किमया मुख्यतः टर्बोची.

मग ट्यूनिंगनं काय होतं? जुन्या गाडीत पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवायचे. हवा मात्र तेवढीच, म्हणून मागून काळा धूर. आता लॅपटॉप लावून टर्बोचा दाब आणि डिझेल दोन्ही वाढवतात. ओढ खरंच वाढते, त्यात खोटं काही नाही. पण क्लच, टर्बो, गिअरबॉक्स तेच राहतात आणि वाढलेला ताण त्यांनाच सोसावा लागतो. वरच्या आरपीएमची ताकद वापरायला मोकळा रस्ता लागतो. तो आपल्याकडे किती मिळतो, तुम्हीच सांगा.

गाडीवर घर चालत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे. आपल्या जुन्या मिस्त्रींच्या तोंडी ‘ट्यूनिंग’ म्हणजे टॅपेट, टायमिंग, नोझल जागेवर आणणं. आधी तेच करा. एअर फिल्टर बदला, नोझल तपासा, टायरची हवा बघा. कंपनीनं दिलेली ओढ हरवली असेल, तर निम्म्याहून जास्त वेळा ती इथंच सापडते. त्यानंतरही कमी वाटली, तर रिमॅपचं बोलू.