पहिली-दुसरीच्या वर्गात मुलं ‘नुसती खेळतात’ का?

जूनमध्ये पहिलीत गेलेल्या मुलाची वही दिवाळीपर्यंत अर्धी कोरी दिसली, की घरात कुजबुज सुरू होते. शाळेत मणी ओवतात, काड्या मोजतात, मातीचे बैल करतात, गाणी म्हणतात. मग शिकवतात कधी? शेजारच्या इंग्रजी शाळेतलं मूल तर पानंच्या पानं भरून आणतं!

खडकवासल्यासारख्या ठिकाणी ही तुलना रोजची आहे. ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी हे एक. इथे जुनं गावठाण आहे, नव्या सोसायट्या आहेत, धरणाच्या चौपाटीवर कणसं भाजून विकणारे आहेत आणि एनडीए व केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रातले नोकरदारही आहेत. अशा वस्तीतल्या एकाच वर्गात घरी मराठी, हिंदी किंवा कन्नड बोलणारी मुलं शेजारी शेजारी बसू शकतात. बालवाडी केलेलं मूल आणि पेन्सिल पहिल्यांदाच हातात धरणारं मूल यांना एकच बाई शिकवतात.

त्यात वयाचाही फरक असतो. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणाऱ्या मुलाला त्या वर्षी पहिलीत प्रवेश मिळतो. म्हणजे जूनमध्ये एक मूल साडेपाच वर्षांचं, तर दुसरं साडेसहाचं असू शकतं. मोठ्या माणसांत एक वर्ष काहीच नाही, पण या वयात ते फार मोठं असतं. सगळ्यांना एकाच दिवशी एकच अक्षर गिरवायला लावण्यातली पहिली अडचण इथेच आहे.

मणी, माती आणि कागदाचे कपटे

अक्षर काढायला आधी बोटं तयार व्हावी लागतात. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांच्या चिमटीत पेन्सिल स्थिर राहायला हवी, मनगट वळायला हवं. ‘इ’ किंवा ‘क्ष’ काढून पाहिलं तर एका अक्षरात हात किती वेळा दिशा बदलतो ते कळतं. मणी ओवणं, कागद फाडून चिकटवणं, मातीचे गोळे वळणं, पाटीवर आडव्या-उभ्या रेषा आणि गोल काढणं ही त्याचीच तयारी असते. भिंतीच्या तळाशी मुलांच्या उंचीचे फळे रंगवलेले असतात तेही यासाठीच. खडूने मोठं अक्षर काढताना खांद्यापासून हात फिरतो आणि चुकलं तर पुसून टाकता येतं.

बालभारतीचं पहिली-दुसरीसाठीचं ‘खेळू, करू, शिकू’ हे पुस्तक काही पालकांना फावल्या वेळचं वाटतं. पण चित्र, हस्तकला आणि खेळ एकत्र आणणारं हे पुस्तक बाजूला पडलं, तर भाषेच्या वहीलाही त्याचा फटका बसतो.

अक्षरं ‘अ’पासूनच का नाहीत?

बाराखडी पाठ असूनही वाचता न येणारी मुलं शिक्षकांना नेहमी भेटतात. पाठ म्हणणं आणि वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून अनेक वर्गांत सगळी वर्णमाला एकदम न देता चार-सहा अक्षरांचा गट दिला जातो. समजा, म, क, न, ग, र ही अक्षरं आणि काना एवढंच शिकवलं. तेवढ्यावर मूल काम, मका, नाक, कान, गार, नगर, मगर हे शब्द स्वतः वाचू शकतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच ‘मला वाचता येतं’ हे त्याला समजतं. ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत जायची वाट पाहिली तर हा आनंद कित्येक महिने लांबतो.

मराठीची एक सोय इथे उपयोगी पडते. बहुतेक अक्षरांचा उच्चार ठरलेला आहे, त्यामुळे चिन्ह आणि ध्वनी यांची जोडी बसली की वाचन वेगानं पुढे जातं. अडतं ते जोडाक्षरांपाशी, रफारापाशी आणि ‘च’, ‘ज’ यांच्या दोन उच्चारांपाशी. ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतला ‘च’ वेगळा आहे, हे मराठी घरातल्या मुलाला कुणी सांगावं लागत नाही. घरी दुसरी भाषा असलेल्या मुलाला मात्र सांगावं लागतं, आणि म्हणूनच या वयात गोष्टी, गाणी, चित्रावरच्या गप्पा यांना वेळ द्यावा लागतो. ऐकून ओळखीचा झालेला शब्द वाचताना लवकर सापडतो.

बासष्ट ऐकून मूल २६ का लिहितं?

पहिली-दुसरीच्या गणितातली ही सर्वांत नेहमीची चूक आहे आणि ती निष्काळजीपणातून होत नाही. ‘बासष्ट’मध्ये कानावर आधी ‘बा’, म्हणजे दोन, पडतं आणि साठ नंतर येतात. लिहिताना मात्र सहा आधी आणि दोन नंतर. मूल ऐकलं त्या क्रमानं लिहितं आणि २६ होतात. त्यात एकोणपन्नास म्हणजे पन्नासाला एक कमी, हा आणखी एक वळसा. इंग्रजीत वीसच्या पुढे दशक आधी येतं. कन्नडमध्येही ‘अरवत्तेरडु’ म्हणजे साठ-दोन. जर्मन भाषेत मात्र मराठीसारखंच एकक आधी उच्चारतात, तेव्हा हा घोळ काही फक्त आपलाच नाही.

२०१९च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात नेहमीच्या नावांबरोबर ‘वीस एक’, ‘साठ दोन’ अशी वाचनपद्धत आली आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. विधिमंडळात विषय गाजला, समाजमाध्यमांवर विनोदांचा पूर आला. गणित समितीच्या प्रमुख, गणितज्ञ मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं. जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांमुळे मुलांना संख्या अवघड जातात, तेवढी एक अडचण कमी करावी. ‘बासष्ट’ हा शब्द कुणी काढून टाकला नव्हता. भाषा बिघडेल ही भीती समजण्यासारखी होती, पण चर्चेत बहुतेकांनी सहा-सात वर्षांच्या मुलाचा विचारच केला नाही, हेही खरं.

वर्गात यावर उपाय असतो दहा-दहा काड्यांच्या गठ्ठ्यांचा. आइस्क्रीमच्या काड्या दहा झाल्या की रबर लावायचं. सहा गठ्ठे डावीकडे, दोन सुट्या काड्या उजवीकडे. मूल हातानं मांडतं, बोलतं, मग लिहितं. सुटीतल्या दोन काड्यांतून पाच वजा करायची वेळ आली, की गठ्ठ्याचं रबर सोडावं लागतं. ‘हातचा घेणे’ ही मोठ्यांनाही गूढ वाटणारी गोष्ट मुलाच्या डोळ्यांसमोर घडते. वहीत त्या दिवशी कदाचित एकच उदाहरण दिसेल.

खडकवासल्यात मापनासाठी तर वेगळं साहित्य शोधायलाच नको. धरणात १.९७ टीएमसी पाणी मावतं, हा आकडा पावसाळ्यात मोठी माणसं रोज बोलतात. सहा वर्षांच्या मुलाला टीएमसी कळणार नाही. एका बादलीत किती तांबे आणि एका तांब्यात किती पेले, हे मात्र कळतं. आधी अंदाज सांगायचा, मग ओतून पाहायचं. उंच पण निमुळत्या बाटलीत जास्त पाणी मावतं असं पैजेवर सांगणारी मुलं ओतल्यावर गप्प होतात.

हे नवीन खूळ आहे का?

अजिबात नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीत बालशिक्षण सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे काम कोसबाडला गेलं. महागडी माँटेसरी साधनं आदिवासी पाड्यावर कुठून आणणार? त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे वापरले. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द याच कामातून पुढे आला असं मानतात.

प्राथमिक शाळांत याची मोठी लाट आली ती साताऱ्याच्या कुमठे बीटमधून. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी जिल्हा परिषदेच्या शाळांत ज्ञानरचनावादी पद्धत रुजवली. मुलं गटात बसून साहित्य हाताळत शिकतात हे पाहायला राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. २२ जून २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ शासन निर्णयानंतर हे सर्वदूर पोहोचलं. जमिनीवर आकडे रंगवणं सगळ्यांना जमलं. मुलाला विचार करायला वेळ देणं मात्र तेवढं सोपं नव्हतं, आणि साहित्य कपाटात कुलूपबंद राहिलेल्या शाळाही कमी नाहीत.

मग किती यायला हवं?

खेळातून शिकायचं म्हणजे मोजमाप नाही, असं नव्हे. केंद्र सरकारच्या ५ जुलै २०२१ला सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात पहिलीच्या अखेरीस चार-पाच सोप्या शब्दांचं अनोळखी वाक्य वाचता येणं आणि ९९पर्यंतच्या संख्या लिहिता-वाचता येणं अपेक्षित आहे. दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थासह वाचणं आणि ९९९पर्यंतच्या संख्या. तिसरीपासून परिसर अभ्यासाचं पुस्तक हातात येतं. तोवर वाचन जमलं नसेल तर मूल प्रत्येक विषयात मागे पडायला लागतं. पालकांची घाई चुकीच्या जागी असेल, पण त्यांची काळजी चुकीची नाही.

महाराष्ट्रात पहिली-दुसरीला ७० टक्के भार आकारिक मूल्यमापनाला आहे. म्हणजे वर्षभर शिक्षकांनी केलेल्या नोंदी, तोंडी काम, कृती, प्रकल्प. लेखी-तोंडी संकलित चाचणीला ३० टक्के. त्यामुळे पालकसभेत ‘किती मार्क?’ याऐवजी ‘कोणते शब्द स्वतः वाचतो?’, ‘गठ्ठे मांडून बेरीज येते का?’ असं विचारलं तर उत्तर उपयोगाचं मिळतं. शिक्षकांकडे त्याची नोंद असायला हवी आणि ती पाहायला मागता येते.

घरी तपासायचं असेल तर पाठ्यपुस्तक नको, कारण ते तोंडपाठ असतं. किराणा दुकानाची पाटी, बसवरचं गावाचं नाव, बिस्किटाच्या पुड्यावरची किंमत वाचायला सांगावी. पहिलीत ‘३’ किंवा ‘६’ उलटा काढला जातो, त्याला घाबरायचं कारण नाही, बहुतेकांचं ते आपोआप सुटतं. दुसरी संपत आली तरी अक्षरं जोडून साधा शब्द वाचता येत नसेल, तर मात्र थांबू नये. आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत, मग वर्गशिक्षकांशी बोलावं.