मराठी लेखनातील कोरी जागा

लेखनाची सुवाच्यता अक्षरांच्या ठळकपणावर अवलंबून असते, असा सामान्य समज आहे. मराठी लेखनाचा इतिहास त्यास पुरता दुजोरा देत नाही. मोडी लिहिणारा प्रथम कागदावर आडवी रेघ ओढी व तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जाई. शाई काळीभोर असे; परंतु शब्दांमध्ये अंतर नसे, विरामचिन्हे नसत आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेदही सामान्यतः दाखविला जात नसे. त्यामुळे ‘तोनदीला’ ही अक्षरे ‘तो न दिला’ अशी वाचावयाची की ‘तो नदीला’ अशी, हे संदर्भावरूनच ठरवावे लागे. दफ्तरातील ठरीव मायने मुखोद्गत असलेल्या कारकुनास यात अडचण भासत नसे.

मुद्रणाने मात्र अपरिचित वाचक निर्माण केला. श्रीरामपूर येथे १८१० साली प्रसिद्ध झालेल्या विल्यम केरी यांच्या मराठी कोशासाठी मोडीचेच खिळे वापरले गेले. पुढे मुंबईच्या छापखान्यांतून बाळबोध लिपी स्थिरावली. तिच्या मुद्रणात शब्दांमधील कोरी जागा नियमित झाली आणि मेजर टॉमस कँडी यांच्या प्रयत्नाने विरामचिन्हेही रूढ झाली.

ही कोरी जागा केवळ नेत्रसुखासाठी नाही. शब्द कोठे संपतो याविषयीचा तो व्याकरणनिर्णय आहे. म्हणून मोडी कागदांचे लिप्यंतर प्रसिद्ध करताना जेथे शब्दच्छेद संदिग्ध असेल, तेथे मूळ सलग पाठ देणे हे संपादकाचे कर्तव्य होय. अन्यथा त्याचा तर्कच पुढील अभ्यासक पुरावा म्हणून स्वीकारतील.