टॅक्स कोणाच्या बापाचा?

सकाळी नळावर चाळीचं पार्लमेंट भरतं. महागाई, बजेट, सरकार.. सगळं तिथंच निकालात. परवा एक शेजारी बोलला, "टॅक्स आम्ही भरायचा आन् सवलती तुम्ही खायच्या."

मित्रहो, हा हिशेब इतिहासातून तपासू या.

1923 साल घ्या. इंग्रज सरकारनं मिठावरचा कर मणामागं सव्वा रुपयावरून अडीच रुपये केला. कायदेमंडळानं नाकारला, तरी व्हाइसरॉयनं आपल्या अधिकारात लादला. मीठ विकत घेणाऱ्याची जात कुणी विचारली नाही. वाड्यावरच्या पंगतीला जो कर, तोच महारवाड्यातल्या भाकरीला. ज्याचं जेवणच मीठ-भाकर, त्याला तो जास्त झोंबला.

त्याच वर्षी ऑगस्टात मुंबईच्या कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या, राखलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या! 1924 साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळंही खुलं केलं. कागदावर. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी तिथं ओंजळ भरली, तर आमच्या माणसांची डोकी फुटली. हायकोर्टाचा निकाल आमच्या बाजूनं लागायला 1937 साल उजाडलं.

कर घेताना विटाळ नाही. पाणी देताना मात्र विटाळ!

आज साबणावर, चपलेवर जीएसटी माझ्या खिशातूनही जातो. तेव्हा भरणारे कोण आन् खाणारे कोण, हा हिशेब मांडायचाच तर मागच्या खात्यासकट मांडा. थकबाकी कोणाकडं निघते, ते कळेल.