क्रिप्टोचं 'मायनिंग मशीन' घेताय? जुन्नर-आंबेगावकरांनी आधी हे वाचा

टोमॅटो-कांद्याचे पैसे हातात आले की नारायणगाव, मंचर परिसरात गुंतवणुकीच्या स्कीमही येतात. क्रिप्टोत त्या दोन प्रकारच्या असतात : थेट टोकन घ्या, किंवा टोकन तयार करणाऱ्या मशीनमध्ये पैसे लावा. दुसरा प्रकार जास्त भरवशाचा वाटतो, कारण 'मशीन तर आहे ना!' फसगत तिथंच होते.

पुण्याचा धडा
'गेनबिटकॉइन' या स्कीमने लोकांकडून बिटकॉइन घेऊन मायनिंगमधून १८ महिने दरमहा १० टक्के परतावा देण्याचं आश्वासन दिलं. साखळी पद्धतीने माणसं जोडली गेली. पुढे बिटकॉइनऐवजी 'एमकॅप' हे स्वतःचंच, फारशी किंमत नसलेलं टोकन हातात टेकवलं. २०१८ मध्ये पुण्यात गुन्हे दाखल झाले, सूत्रधार अमित भारद्वाजला अटक झाली. २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. पुढे तपास सीबीआयकडे गेला.

मशीनचं गणित
मायनिंगचं उत्पन्न ठरलेलं नसतं. एका ब्लॉकमागे मिळणारं बक्षीस साधारण चार वर्षांनी निम्मं होतं. एप्रिल २०२४ मध्ये ते ६.२५ वरून ३.१२५ बिटकॉइनवर आलं. मग दरमहा ठरावीक टक्के कुणी कुठून देणार?

घरी मशीन बसवायचं म्हटलं, तर ३ ते साडेतीन किलोवॅटचं एक मशीन दिवसाला ७२ ते ८४ युनिट वीज खातं. शेतीपंपाच्या जोडणीवर ते चालवणं हा विजेचा अनधिकृत वापर ठरतो, दंडात्मक बिल येतं.

टोकन घेतलं तर
नफ्यावर ३० टक्के कर, वर सेस. विक्रीवर १ टक्का टीडीएस. एका टोकनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. बँकेतल्या ठेवीसारखं विमा संरक्षणही नाही.

पैसे देण्याआधी विचारा
- मशीन कुठे आहे, बिल कुणाच्या नावावर?
- एक्स्चेंज 'एफआययू-इंडिया'कडे नोंदणीकृत आहे का?
- माणसं जोडल्यावर कमिशन मिळतं का? मिळत असेल तर लांबच राहा.

फसवणूक झाली तर
लगेच १९३० वर फोन करा. चॅट, व्यवहार क्रमांक, स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. पाहुण्यानेच स्कीम सांगितली म्हणून गप्प बसू नका. बहुतेकदा तोही फसलेलाच असतो.