वेढ्यांचा हक्क : मोटारीची गुंडाळी आणि एकस्वाची परीक्षा

डिचोलीच्या किंवा पेडण्याच्या बाजारपेठेतून फेरफटका मारला असता एखाद्या गाळ्यासमोर जळालेल्या मोटारींची रास हटकून दृष्टीस पडते. कुळागराला पाणी देणारे पंप, पिठाच्या गिरण्या, खाणीच्या खोल खड्ड्यांतील पाणी उपसणारी अवजड यंत्रे, या सर्वांच्या मोटारी केव्हा ना केव्हा ‘भरायला’ येतात. ‘मोटार भरणे’ हा बोलीतील शब्दप्रयोग मोठा समर्पक आहे. मोटारीचा जो भाग स्थिर असतो त्याला स्टेटर म्हणतात. त्याच्या पोलादी पत्र्यांच्या गाभ्याला आतून खाचा असतात. जळून काळी पडलेली तार काढून टाकावयाची आणि त्या खाचा नव्या तांब्याच्या तारेने भरावयाच्या, असे हे काम. जुनी तार काढण्यापूर्वी कारागीर तिचे गेज पाहतो, वेढे मोजतो, कोणत्या खाचेतून निघालेले वेटोळे कोणत्या खाचेत उतरते हे एका वहीत टिपून ठेवतो, आणि मगच कात्री हाती घेतो.

त्या वहीतील आकड्यांवर कोणाची मालकी असते? वेढ्यांची एखादी नवी मांडणी कोणी शोधून काढली, तर ती वीस वर्षे त्याच्या एकट्याची राहावी काय? आणि ती खरोखर नवी आहे हे ठरवावयाचे कोणी? प्रश्न दिसतो लहान. परंतु त्यामागे सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास उभा आहे.

प्रत्यावर्ती विजेवर चालणाऱ्या मोटारीचा जन्मच मुळी एकस्वाच्या, म्हणजे पेटंटच्या, वादात झाला. इटलीतील तूरिन येथील प्राध्यापक गॅलिलिओ फेरारिस यांनी १८८५ मध्ये फिरत्या चुंबकीय क्षेत्राचा प्रयोग केला. काटकोनात ठेवलेल्या दोन वेटोळ्यांतून काहीशा पुढेमागे चालणाऱ्या दोन विद्युत्‌धारा सोडल्या की मध्ये ठेवलेले तांब्याचे नळकांडे आपोआप फिरू लागते, हे त्यांनी पाहिले. आपला निबंध त्यांनी १८८८ च्या मार्चमध्ये तूरिनच्या विज्ञान अकादमीपुढे वाचला. त्यांनी एकस्व घेतले नाही. अशा यंत्राची कार्यक्षमता निम्म्याहून वर जाणार नाही, असा त्यांच्या गणिताचा निष्कर्ष होता, आणि तो चुकीचा होता. तिकडे अमेरिकेत निकोला टेस्ला यांनी १८८७ च्या ऑक्टोबरमध्येच अर्ज दाखल केले होते; १ मे १८८८ रोजी त्यांना एकस्वे मिळाली. ती वेस्टिंगहाउस यांनी घेतली आणि पुढे वर्षानुवर्षे न्यायालयात खटले चालले. प्रतिपक्षाचे म्हणणे असे की फिरते क्षेत्र जुनेच आहे; लंडनमध्ये वॉल्टर बेली यांनी १८७९ मध्येच तांब्याची तबकडी फिरवून दाखविली होती. १९०० मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने टेस्लांची एकस्वे ग्राह्य धरली. प्रयोगशाळेत गंमत म्हणून दाखविलेली वस्तू आणि कारखान्यात राबणारे यंत्र यांतील अंतर न्यायालयाला मोलाचे वाटले.

येथे मूळ तत्त्वाचाच वाद होता. त्यानंतरचे वाद तत्त्वाचे उरले नाहीत, ते मांडणीचे झाले. आणि परीक्षकाची खरी कसोटी तेथेच लागते.

तीन फेजांची, चार ध्रुवांची, छत्तीस खाचांची मोटार घेऊ. डिचोलीतील कारागिरालाही ती पाठ असते. छत्तीस खाचा चार ध्रुवांत वाटल्या की प्रत्येक ध्रुवाच्या वाट्याला नऊ खाचा येतात, आणि त्या तीन फेजांत वाटल्या की प्रत्येकीला तीन. वेटोळ्याची एक बाजू पहिल्या खाचेत आणि दुसरी दहाव्या खाचेत घातली तर त्याचा पल्ला पूर्ण झाला. परंतु बहुतेक ठिकाणी तो मुद्दाम आखूड ठेवतात आणि दुसरी बाजू आठव्या खाचेत घालतात. नऊ खाचांऐवजी सात खाचांचे अंतर. असे केल्याने मुख्य चुंबकीय लाटेचे बळ सुमारे सहा टक्क्यांनी घटते. मात्र तिच्याबरोबर येणारी पाचपट वारंवारतेची उपद्रवी लाट सतरा टक्क्यांवर येऊन ठेपते. मोटार कमी गुणगुणते, कमी तापते. शिवाय वेटोळ्यांची बाहेरची टोके आखूड झाल्याने तांबेही वाचते. सहा देऊन त्र्याऐंशी घेण्याचा हा सौदा कोणीही डोळस माणूस करील. तो शंभर वर्षांपूर्वीच्या पाठ्यपुस्तकांतही आहे. म्हणून आज कोणी ‘छत्तीस खाचा, चार ध्रुव, पल्ला एक ते आठ’ एवढाच दावा घेऊन आला, तर परीक्षकाने त्याला नम्रपणे दार दाखवावे हे उघड आहे.

याउलट केवळ मांडणीतून खरोखर नवे काही निघू शकते, याचेही दाखले आहेत. रॉबर्ट डालॅंडर यांनी १८९७ च्या सुमारास असे दाखविले की वेटोळी तीच ठेवून त्यांची टोके निराळ्या तऱ्हेने जोडली, तर ध्रुवांची संख्या दुप्पट होते आणि मोटारीचा वेग निम्म्यावर येतो. तारेचा एक वेढाही अधिक लागत नाही. पुढे साठ वर्षे अशी समजूत राहिली की एकाच गुंडाळीतून मिळणारे दोन वेग एकास दोन याच प्रमाणात असावयाचे. १९५० नंतरच्या दशकात ब्रिस्टल विद्यापीठाचे प्राध्यापक रॉक्लिफ यांनी काही वेटोळी उलटी जोडून व काही वगळून त्याहून जवळजवळचे वेगही मिळवून दाखविले. नवी सामग्री काहीही नाही. तीच तार, त्याच खाचा. जोड तेवढा निराळा. अशा कामाला ‘नुसती फेरमांडणी’ म्हणणे हा अन्याय झाला असता.

हिंदुस्थानातील एकस्वाच्या कायद्याचा आरंभ १८५६ चा. त्या वर्षी कलकत्त्याचे स्थापत्यशास्त्रज्ञ जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांनी पहिला अर्ज केला तो कशासाठी, तर पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी! साहेबाच्या डोक्यावरचा झालरीचा पंखा दोरीने ओढीत बसणाऱ्या माणसाच्या जागी त्यांना यंत्र बसवावयाचे होते. तो माणूस शेवटी हटला तो त्या यंत्रामुळे नव्हे, विजेच्या मोटारीमुळे. छताचा पंखा म्हणजे उलटी केलेली मोटारच होय; तिच्यात गुंडाळीचा स्टेटर मध्यभागी स्थिर असतो आणि फिरणारा भाग त्याच्या भोवती असतो. असे पंखे पुढे गोव्यातच, फोंडा तालुक्यात बेतोडा व कुंडई येथे, क्रॉम्प्टनच्या कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले, हा इतिहासाचा एक मौजेचा योग म्हणावा लागेल.

डिचोली आणि पेडणे यांची कथा मात्र कायद्याच्या दृष्टीने निराळी. हे मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांचे. डिचोली आधी आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले व ‘नव्या काबिजादी’त मोडू लागले. १८८३ मध्ये औद्योगिक मालकीहक्कासंबंधी पॅरिसचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यावर सही करणाऱ्या अकरा राष्ट्रांत पोर्तुगाल होते. भारत त्या करारात दाखल झाला तो ७ डिसेंबर १९९८ रोजी, म्हणजे एकशेपंधरा वर्षांनी. तेरेखोल नदीच्या अलीकडे पोर्तुगीज अंमल, पलीकडे सावंतवाडी संस्थान, आणि त्याच्याही पलीकडे ब्रिटिश मुलूख, की जेथे १९११ चा एकस्व कायदा चाले. संस्थानांना तो आपोआप लागू होत नसे. दोन-तीन दिवसांच्या पायपिटीत शोधकाच्या हक्काची तऱ्हा तीनदा बदलावी, अशी ही स्थिती! अर्थात पेडण्याच्या शेतकऱ्याला तिचे सुखदुःख नव्हते. खेड्यांत वीज नव्हती, मग मोटार कोठची आणि तिचे एकस्व कोठचे? वीज खेडोपाडी पसरली ती प्रामुख्याने १९ डिसेंबर १९६१ च्या मुक्तीनंतर.

मुक्तीच्या थोडे आधी, १९५९ मध्ये, न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांचा अहवाल सरकारला सादर झाला होता. भारतात दिल्या जाणाऱ्या एकस्वांपैकी फार मोठा वाटा परकीयांचा आहे आणि त्यांतील बहुतेकांचा वापर येथे कारखाना काढण्यासाठी होत नसून परदेशी मालाची बाजारपेठ राखण्यासाठी होतो, हे त्यांनी आधारासह दाखविले. त्यातून १९७० चा कायदा जन्मला आणि २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. आजही, अनेक दुरुस्त्यांनंतर, तोच कायदा चालतो. गोव्यातील अर्ज मुंबईच्या एकस्व कार्यालयाच्या कक्षेत येतात.

या कायद्याच्या तिसऱ्या कलमात, कशाला शोध म्हणू नये याची यादी आहे. तीत एक वाक्य असे की, ओळखीची साधने नुसती मांडली, फेरमांडली किंवा त्यांची संख्या वाढविली, आणि प्रत्येक साधन आपापल्या परीने पूर्वीसारखेच काम करीत राहिले, तर तो शोध नव्हे. घाईने वाचणाऱ्याला वाटेल की गुंडाळीचे सारे अर्ज या एका वाक्याने निकालात निघतात. पण वाक्याचा उत्तरार्ध महत्त्वाचा आहे. स्टेटरमधील वेटोळी एकमेकांपासून स्वतंत्र काम करीतच नाहीत. प्रत्येकाचे चुंबकीय क्षेत्र दुसऱ्याच्या क्षेत्रात मिसळते, कोठे भर घालते, कोठे वजा होते, आणि मोटार चालते ती त्या बेरजेवर. तेव्हा या कलमाने अर्ज फेटाळणे सोपे असले तरी बहुधा बरोबर नव्हे. परीक्षकाला पुढची, अधिक कष्टाची पायरी चढावी लागते : त्या विषयात कुशल असलेल्या माणसाला ही मांडणी सहज सुचली असती काय?

हा कुशल माणूस कोण, यावर सारे अवलंबून आहे. तो विद्यापीठातील प्राध्यापक धरला तर जवळजवळ काहीच नवे उरणार नाही. नुकता शिकाऊ धरला तर प्रत्येक क्षुल्लक फेरफार शोध ठरेल. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या डिसेंबरात दिलेला एक निर्णय आजही आधारभूत मानला जातो. तो खटला मोटारीचा नव्हता. मिर्झापूरच्या भांडी बनविणाऱ्या एका संस्थेने चरकावर भांडे पकडून धरण्याच्या युक्तीचे एकस्व मिळविले होते. न्यायालयाने ते रद्द ठरविले. कारखान्यात काम करता करता जी साधी सुधारणा कोणाही जाणत्या कारागिराला करता येईल, ती शोध या पदवीला पोहोचत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. पितळी समयांसाठी परिचित असलेल्या डिचोलीतील कारागिरांना तो समजावून सांगण्याची गरज पडू नये. त्याच निर्णयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली आणि कायद्याच्या तेराव्या कलमातही ती आहे : परीक्षकाने तपासून एकस्व दिले, एवढ्याने ते वैध असल्याची हमी मिळत नाही.

परीक्षकाचे काम किती किचकट असते याची कल्पना बाहेरच्याला येणे कठीण. जगभरची एकस्वे विषयवार लावण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आहे. त्यात विद्युत्‌यंत्रांचा वर्ग ‘एच ०२ के’, त्यातील तिसरा गट गुंडाळ्यांचा आणि त्यातही ‘३/२८’ हा उपगट वेटोळ्यांच्या मांडणीचा व जोडण्यांचा. विजेवर चालणाऱ्या मोटारगाड्या आल्यापासून हा उपगट फुगत चालला आहे. गोल तारेऐवजी केसातल्या आकड्यासारख्या वाकविलेल्या चपट्या तांब्याच्या पट्ट्या, खाचेतील कोणत्या थरातून कोणत्या थरात उडी मारावयाची याचे कोष्टक, असे दावे आता येतात. अर्जातील आकृती म्हणजे रेघांचे जाळे. तीच मांडणी जपानी किंवा जर्मन अर्जात दुसऱ्या क्रमांकांनी, दुसऱ्या खाचेपासून मोजून काढलेली असू शकते. खाचांना नवे नंबर दिल्याने गुंडाळी नवी होत नाही. पण हे ओळखण्यासाठी परीक्षकाला बोटाने एकेक तार धरून जावे लागते.

चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते. खरा शोध नाकारला तर मोठा कारखानदार तो फुकट उचलतो. जुनी मांडणी नवी म्हणून मान्य केली, तर ती बनविण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क एकाच्या हाती जातो, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करणाऱ्यांना नोटीस येण्याची धास्ती.

यावर कायद्यात उपाय आहे. अर्ज प्रसिद्ध झाल्यानंतर आणि एकस्व देण्यापूर्वी कोणालाही हरकत घेता येते. तिच्या कारणांत ‘ही गोष्ट आधीपासून भारतात सर्वांना ठाऊक होती किंवा उघडपणे वापरात होती’ हेही एक कारण आहे. छापील पुस्तक असलेच पाहिजे असे नाही. म्हणजे मोटार भरणाऱ्याची तेलकट वहीसुद्धा परीक्षकापुढे पुरावा म्हणून ठेवता येईल. मात्र तीत खाचा, वेढे, गेज आणि पल्ला एवढ्या नोंदी असून भागणार नाही. ती मोटार अर्जाच्या आधी भरली गेली, हे तारखेनिशी दाखवावे लागेल. गिऱ्हाइकाची पावती आणि प्रतिज्ञापत्र जोडावे लागेल. कारागीर वहीत मोटारीची शक्ती लिहितो, गिऱ्हाइकाचे गाव लिहितो, तारेचे वजनही लिहितो. तारीख लिहावी असे त्याला सहसा वाटत नाही.