दुकान टिकलं, शेअरचं काय?

परवा भाचा घरी आला तो एक प्रश्न घेऊनच. "मामा, दहा मिनिटांत किराणा घरपोच देणाऱ्या कंपनीचे शेअर घ्यावेत म्हणतोय. पण आता मोठमोठे दुकानदारही त्याच धंद्यात उतरलेत. टिकेल का हो ही कंपनी?" पैसे कुठले, तर मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले!

मी पडलो इतिहासाचा मास्तर. म्हटलं, पुढचं मला सांगता येणार नाही, पण मागे काय झालं ते सांगतो.

मंडळी, हाच प्रश्न पंचवीस वर्षांपूर्वीही लोक विचारत होते. अमेरिकेत ईटॉइज नावाची कंपनी इंटरनेटवर खेळणी विकायची. मे १९९९ मध्ये तिचा शेअर २० डॉलरला बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी ७६ डॉलरच्या वर बंद झाला. शेकडो दुकानं असलेल्या 'टॉइज आर अस'पेक्षा ही पोरसवदा कंपनी महाग ठरली! मार्च २००१ मध्ये तिचं दिवाळं निघालं. पण गंमत अशी, की २०१७ मध्ये 'टॉइज आर अस'वरही तीच वेळ आली. म्हणजे नवं जिंकलं की जुनं, एवढंच विचारून भागत नाही.

आता आपल्या मुंबईची गोष्ट. अजित बालकृष्णन यांनी १९९६ मध्ये रेडिफ सुरू केलं. आपल्यापैकी कित्येकांचा पहिला ईमेल पत्ता रेडिफमेलचाच. बातम्या होत्या, पुस्तकं आणि भेटवस्तूंची खरेदीही होती. जून २००० मध्ये कंपनी अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात १२ डॉलरला उतरली. पण मार्चमध्ये ५००० च्या वर गेलेला नॅसडॅकचा निर्देशांक तोवर घसरणीला लागला होता. ऑक्टोबर २००२ मध्ये तो ११०० च्या घरात आला. रेडिफ त्यातून तगलं. पुढे २००४ मध्ये जीमेल आलं, २००७ मध्ये फ्लिपकार्ट, २०१३ मध्ये भारतात ॲमेझॉन. २०१६ मध्ये रेडिफने नॅसडॅक सोडलं. रेडिफमेल आजही चालू आहे. पण १२ डॉलर मोजलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

मुंबईच्याच बाझीचं नेमकं उलट झालं. २००० मध्ये सुरू झालेली ही कंपनी २००४ मध्ये ईबेने सुमारे ५ कोटी डॉलरला घेतली. ईबेचं भारतातलं ते दुकानही २०१८ मध्ये बंद झालं. बाझीचं नाव पुसलं गेलं, पण वेळेवर विकणाऱ्यांचे पैसे झाले.

"पण ॲमेझॉन तर टिकलं ना?" भाचा म्हणाला. टिकलं, पण कसं? फेब्रुवारी २००० मध्ये, म्हणजे बाजार कोसळायच्या महिनाभर आधी, त्यांनी युरोपात सुमारे ६९ कोटी युरोचं कर्ज उभं केलं होतं. त्या पैशांवर वाईट दिवस निघाले. तरीही डिसेंबर १९९९ मध्ये १०० डॉलरच्या वर असलेला शेअर सप्टेंबर २००१ मध्ये ६ डॉलरच्या खाली आला. चढ्या भावाला घेणाऱ्याला तोच भाव पुन्हा बघायला २००९ उजाडावं लागलं. दहा वर्षं! तेवढ्यात मुलगी शाळेतून कॉलेजात जाते.

आमच्या पिंपरी कॅम्पात फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी बाजार उभा केला. तिथल्या दुकानदाराला शेअरचा भाव बघावा लागला नाही, गल्ला मात्र रोज बघावा लागला. भाच्याला म्हटलं, तूही तेच बघ. पुढची दोन वर्षं कोणी पैसे दिले नाहीत, तर कंपनीच्या गल्ल्यात काय उरेल? आणि तू शेअर घेतोयस तो कुठल्या भावाला? कंपनी टिकली म्हणजे तुझे पैसे टिकले, असं होत नाही रे.

तो काही बोलला नाही. चहा घेतला आणि म्हणाला, "मामा, मुलीचे पैसे तरी राहू देत बाजूला."

मला तेवढं पुरलं.